सहीचे किती घेता, सिस्टर?

दुपारचे पावणेदोन म्हणजे सकाळपाळीतली सगळ्यात वाईट वेळ. दुपारच्या स्टाफला ओव्हर द्यायचाय (पेशंटची माहिती सांगून वॉर्ड सोपवायचा), इंडेंटचं म्हणजे औषधांच्या मागणीचं बुक फार्मसीतून परत आलेलं नाही, १४ नंबरचे नातेवाईक "डिस्चार्ज कार्ड झालं का" करत टेबलाला चिकटून उभे, आणि त्यात एक स्टुडंट, थर्ड इयर जीएनएमची (नर्सिंगचा डिप्लोमा), छातीशी प्रोसिजर बुक (कुठलं काम कितीदा केलं ते लिहून सिस्टरची सही घ्यायचं पुस्तक) धरून बाजूला थांबलेली. सही हवी असणार म्हणून मी तिच्याकडे न बघताच हात पुढे केला. पुस्तक काही हातात पडेना. वर बघितलं तर ती इकडेतिकडे बघत होती, मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅम, सहीचे काही द्यायचे असतात का?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही. कळल्यावर जो संताप आला तो मी तिच्यावरच काढला, चारचौघांत. ती रडली. नंतर मावशींकडून कळलं की तिचं आधीचं पोस्टिंग जिथे होतं तिथे म्हणे पुस्तक भरून द्यायचा रेट होता, पोरीला वाटलं सगळीकडे तसंच असतं. म्हणजे ती लाच देत नव्हती, रीत काय आहे ते विचारत होती. बिचारी.

पण गंमत अशी की घरी आल्यावर भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. लाच वगैरे सोडा. खरंच, ह्या कामाचा रेट किती असेल? मी सत्तावीस वर्षं नोकरी करतेय, त्यातली एकवीस वर्षं तरी माझ्या वॉर्डात कायम कोणी ना कोणी शिकायला आहेच. एएनएमच्या मुली, जीएनएमच्या, बीएस्सीच्या, आता ब्रदर्सही खूप असतात, शिवाय डॉक्टर इंटर्न ज्यांना पहिल्या आठवड्यात ब्लड कलेक्शन आम्हीच शिकवतो (हे ते पुढे कुठे सांगत नाहीत). माझ्या पगाराच्या स्लिपमध्ये घरभाडं आहे, धुलाई भत्ता आहे, काय काय आहे. शिकवण्याचा एक रुपया नाही. कधीच नव्हता. आणि सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता, तो एका घाबरलेल्या पोरीने चुकीच्या शब्दांत विचारला तेव्हा पडला.

आता शिकवणं म्हणजे नक्की काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल ह्या बायका टेबलाशी बसून सह्या करतात आणि वर पैसे मागतात.

माझा सर्जरीचा वॉर्ड. मंजूर खाटा ४०, पेशंट कधीच ४० नसतात, पन्नाशीच्या पुढे असतात, जास्तीचे खाली गाद्यांवर. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं की टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलला पाचामागे एक. माझ्याकडे सकाळपाळीला दोन स्टाफ आणि मी. हिशोब तुम्हीच करा. अशात समजा खाटेवरच्या आजोबांचं इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवलेली प्लॅस्टिकची बारीक नळी) आऊट झालंय, हात सुजलाय, दुसरं टाकायचंय. मी टाकलं तर दोन मिनिटं. टॉर्निकेट सापडत नाही म्हणून ग्लोव्हच बांधायचा दंडाला, मनगटाच्या वरची वेन (शीर) बोटाने चाचपायची, बघायची नाही, चाचपायची, स्पिरिट, सुईचं तोंड वर, आत, मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की सुई जराशी मागे आणि प्लॅस्टिक पुढे, ग्लोव्ह सोडायचा, वरून बोटाने दाब, सुई बाहेर, सलाईन जोडलं, चिकटपट्टी, तारीख, झालं.

तेच स्टुडंटला करू द्यायचं म्हटलं तर वीस मिनिटं. आधी तिला विचारायचं की कुठली वेन घेशील. ती कोपराजवळची दाखवणार, कारण ती मोठी दिसते. मग सांगायचं की बाई गं, आजोबा हात वाकवणार, जेवणार, तिथे टाकलंस तर संध्याकाळी परत आऊट. मग तिचा हात थरथरणार. म्हाताऱ्या माणसाची वेन सुई लागली की बाजूला सरकते, तर खालून कातडी ताणून धर हे तिला पुस्तकात वाचून माहीत असतं पण तिच्या डाव्या हाताला माहीत नसतं, तर तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाब किती ते दाखवायचं. चेंबरमध्ये रक्त दिसलं की आनंदाच्या भरात ही सुई आणखी आत घालणार, आणि वेन फुटणार, आणि तिथे निळं टेंगूळ. आजोबांचा चेहरा एका डोळ्याने, तिचा चेहरा दुसऱ्याने. माझा नियम आहे, दोनदा चुकलं की सुई माझ्या हातात. ह्या वीस मिनिटांत बाकीचे पन्नास पेशंट आपापल्या जागी थांबलेले नसतात, कोणाचं ड्रेन भरलेलं असतं, कोणाला ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बोलावणं आलेलं असतं.

बरं, चुकलं तर जबाबदार कोण? स्टुडंट नाही. तिच्या नावाने कुठेच काही लिहिलेलं नसतं. नातेवाईक माझ्या अंगावर येतात, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) सर मला बोलावतात, मेमो निघाला तर माझ्या नावाने. एकदा एका मुलीने इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये चाळीस युनिट आणि शंभर युनिटचा घोळ केला होता (चाळीसची बाटली चाळीसच्याच सिरिंजने भरायची, हे आमच्याकडे बाराखडीसारखं पाठ असायला लागतं), पेशंटला टोचायच्या आधी माझ्या स्टाफचं लक्ष गेलं म्हणून वाचलो. त्या लक्षाचे पैसे कोणत्या हेडखाली टाकणार?

मग शिकवायचं काम कोणाचं, तर कागदावर शिक्षकाचं. सरकारी स्कूलला पाठ्यनिर्देशिका असतात, प्रायव्हेट कॉलेजला क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं कौन्सिलच म्हणतं. प्रत्यक्षात आमच्याकडे प्रायव्हेट कॉलेजची बस येते, तीसेक पोरं उतरतात, सहा वॉर्डांत वाटली जातात आणि त्यांच्याबरोबर एक मॅडम, जी स्वतः दोन वर्षांपूर्वी पास झालीय, पगार माझ्या निम्माही नसेल. ती वॉर्डावॉर्डांतून हजेरी घेत फिरते आणि मग एका कोपऱ्यात बसून केस प्रेझेंटेशन तपासते. मी तिला दोष देत नाही. सहा वॉर्डांत एकाच वेळी ती कशी असणार. म्हणजे शिकवायला माणूस नेमलेला आहे, त्याचा पगारही निघतो, आणि सुई हातात असते तेव्हा शेजारी उभी असते ती वॉर्डची सिस्टर. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच. आणि ते कॉलेज मुलांकडून फी घेतं, भरपूर घेतं, त्यातून हॉस्पिटलला क्लिनिकल पोस्टिंगचे पैसे भरतं, त्याची रीतसर पावती फाटते, ती रक्कम कुठल्याशा खात्यात जमा होते. वॉर्डात त्या पैशातून एक साधा बीपी अपरेटससुद्धा आलेला मी बघितला नाही.

हे सगळं आमच्या चेंजिंग रूममध्ये काढलं तर काय होतं माहितीये? आमच्यातल्या सिनियर, ज्या पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्या लगेच म्हणाल्या, "शिकवायचे पैसे? आपल्याला कोणी शिकवलं तेव्हा पैसे घेतले होते का? ही सेवा आहे." सेवा शब्द आला की आमच्याकडे चर्चा बंद होते. आम्ही शपथ घेतलीय ना, दिवा हातात धरून, पांढऱ्या साडीत, फोटो आहेत घरोघरी.

पण दिव्यावरून आठवलं म्हणून सांगते. जिच्या नावाने तो दिवा लावतो त्या नाइटिंगेलबाई पैशाच्या बाबतीत आमच्यापेक्षा फार स्पष्ट होत्या. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनी त्यांच्या नावाने फंड जमवला, चाळीस हजार पौंडांच्या वर, आणि त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा निघाली, पहिल्या बॅचला १५ मुली. शिकवणार कोण, तर तिथली मेट्रन (सगळ्या नर्सेसची प्रमुख), तिथले डॉक्टर आणि वॉर्डांतल्या सिस्टर्स. आणि त्यांना ह्या कामाचे वेगळे पैसे फंडातून दिले जायचे, हॉस्पिटलच्या पगाराशिवाय. म्हणजे नाइटिंगेलबाईंची शाळाच शिकवण्याचा मोबदला देऊन सुरू झाली. दिवा तेवढा आपण घेतला, फंडाची वही तिकडेच राहिली.

डॉक्टर लोकांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची ती जुनी ग्रीक शपथ आहे, हिपोक्रॅटिसची, त्यात फुकट शिकवायचं म्हटलंय खरं, पण कोणाला, तर गुरूच्या मुलांना. आपल्याकडे मुंबईत महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत, केईएम वगैरे, कित्येक वर्षं ऑनररी डॉक्टरांची पद्धत होती. शहरातले नामवंत सर्जन, फिजिशियन सकाळी यायचे, राऊंड घ्यायचे, ऑपरेशनं करायचे, मुलांना शिकवायचे, नावापुरतं मानधन आणि दुपारी स्वतःच्या कन्सल्टिंगला. त्यातले कितीतरी जण खरोखर अफाट शिकवणारे होते, जुने डॉक्टर अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण ते फुकट नव्हतं हो. शिकवलेला पोरगा उद्या कल्याणला नाहीतर कराडला दवाखाना टाकणार आणि अवघड पेशंट आपल्या सरांकडेच पाठवणार. पाटीवर नावाखाली हॉस्पिटलचं नाव यायचं. दाम दुसऱ्या दाराने यायचं आणि त्यात वाईट काही नाही, उलट सगळ्यांना ते माहीत होतं. आज सरकारी कॉलेजच्या डॉक्टरांना व्यवसायरोध भत्ता मिळतो, म्हणजे प्रॅक्टिस न करण्याचे पैसे. न केलेल्या कामाला भत्ता आहे म्हटल्यावर केलेल्या कामाला का नसावा, असा आपला माझा भाबडा प्रश्न.

सिस्टरला दुसरं दारच नाही. मी घडवलेली मुलगी मला कुठला पेशंट पाठवणार? ती दुबईला गेली, लंडनला गेली, तर दिवाळीला मेसेज येतो. छान वाटतं. तो मेसेज मी स्टाफला दाखवते. बास.

लंडनवरून, एक माझी जुनी स्टुडंट आहे तिकडे, सांगलीकडची, आठ वर्षं झाली. तिला व्हॉट्सॲपवर विचारलं, तुमच्याकडे स्टुडंटला शिकवायचे पैसे मिळतात का गं? तर तिने हसायची तीन चिन्हं पाठवली आणि मग मोठा व्हॉइस मेसेज. इंग्लंडमध्ये सरकार प्लेसमेंटचे पैसे देतं, रीतसर दर आहेत, नर्सिंगच्या एका विद्यार्थ्यामागे वर्षाला साधारण ५,००० पौंड (हा २०२२-२३ चा दर) आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यामागे ३०,००० च्या वर. सहापट! मी विचारलं, तुला किती मिळतात? ती म्हणाली, मॅम, ते ट्रस्टला मिळतात, म्हणजे हॉस्पिटलला, मला एक ऑनलाइन ट्रेनिंग मिळालं. म्हणजे सात समुद्र ओलांडले तरी पैसे ऑफिसपर्यंतच पोचतात, सिस्टरच्या पर्सपर्यंत नाही. मग मी त्या रात्री मोबाइलवर शोधतच बसले. ऑस्ट्रेलियात मेडिकलचा विद्यार्थी फॅमिली डॉक्टरकडे शिकायला बसला तर तीन तासांच्या सेशनला २०० डॉलर सरकार त्या क्लिनिकला देतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने २०१४ मध्ये, मोबदला न घेता शिकवणाऱ्या डॉक्टरांना इन्कम टॅक्समध्ये सवलत सुरू केली, पुढे त्यात नर्स प्रॅक्टिशनरही (जास्तीचं शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणाऱ्या नर्सेस) आल्या. का केलं हे? प्रेमाने नाही. शिकवायला कोणी तयार होईना म्हणून. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी व्यक्ती स्वतः शोधावी लागते कित्येकदा, आणि काही जण खिशातून पैसे मोजून ती मिळवतात. वाचताना मला आमची ती पोर आठवली, पुस्तक छातीशी धरलेली.

आणि इथपर्यंत आल्यावर मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी चेंजिंग रूममध्ये नाही बोलू शकले.

मी फुकट शिकवत नाही. कधीच शिकवलं नाही.

माझ्या वॉर्डात मंजूर आहेत त्यातले निम्मे वॉर्डबॉय नाहीत. सॅम्पल लॅबला कोण नेतं? स्टुडंट. एक्स-रेला पेशंटबरोबर ट्रॉली ढकलत कोण जातं? स्टुडंट. पन्नास जणांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी कोण घेतं, ब्लड बँकेत बॅगसाठी कोण उभं राहतं, बल्बांवर (रक्ताच्या नमुन्याच्या बाटल्यांवर) नावं कोण चिकटवतं, कापूस-गॉजचे तुकडे कोण करतं, जुन्या केसपेपरवरून नव्यावर औषधं कोण उतरवतं? परीक्षेच्या महिन्यात पोरं पोस्टिंगला येत नाहीत तेव्हा वॉर्ड अक्षरशः लंगडतो, आणि आम्ही सगळ्या म्हणतो, "कधी येतायत गं स्टुडंट." शिकवायची हौस म्हणून नाही म्हणत. हात हवे असतात.

म्हणजे मोबदला चालूच आहे. फक्त तो रुपयात नाही आणि तो देणारी आहे ती सतरा-अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की मी तुला शिकवते म्हणजे तू माझी देणेकरी, तर जरा पळ. आणि पळणारी मुलगी गुणी, आणि "मॅम मला कॅथेटर बघायचंय" (लघवीची नळी टाकणं) म्हणून मागे लागणारी आगाऊ. माझ्या तोंडून हा शब्द गेलाय. आगाऊ.

काही वर्षांपूर्वीची एक मुलगी. नाव सांगत नाही. इतकी गोड, इतकी चपळ, की सगळा वॉर्ड तिच्या जिवावर. लॅबवाले तिला नावाने ओळखायचे. महिनाभर मी तिला पळवलं. शेवटच्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली आणि मी बसल्या बैठकीला सगळं साइन करून दिलं, फिमेल कॅथेटरायझेशन पाच, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) तीन, सगळं. तिने त्यातलं एकही स्वतःच्या हाताने केलं नव्हतं, मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी ते बक्षीस म्हणून दिलं. खरंच तेव्हा मला वाटलं की मी तिच्यावर उपकार करतेय.

दीड वर्षाने ती भेटली, एका छोट्या प्रायव्हेट हॉस्पिटलात नाईट करत होती, एकटी. सांगत होती हसत हसत, की पहिल्या महिन्यात कॅथेटर टाकायची वेळ आली तेव्हा बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि मग टाकलं. "मॅम, हात असे कापत होते." ती हसत होती म्हणून मीही हसले.

आता सांगा, परवाच्या पोरीवर मी ओरडले ते कुठल्या तोंडाने? आधीच्या ठिकाणी सहीचे पैसे घेतात, मी सहीची हमाली घेतली. खोटी सही दोन्हीकडे सारखीच.

म्हणून माझं मत आता पैसे द्यावेत असंच झालंय, आणि ते सिस्टरला जास्त मिळावं म्हणून कमी आणि देणं उलटं फिरावं म्हणून जास्त. आज मुलगी माझं देणं लागते. उद्या माझ्या पगारात ओळ आली, शिकवणी भत्ता, अमुक रुपये, थोडे का असेनात, तर मी तिचं देणं लागेन. मग ती हक्काने म्हणू शकते की मॅम, आज मला तीन गोष्टी शिकायच्यात. तिची मॅडम मला विचारू शकते की काय शिकवलंत. मेट्रन मॅडम विचारू शकतात. फुकटाला कोणी जाब विचारत नाही, ती फुकटाची सगळ्यात मोठी सोय आहे, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींना ती सोय हवीय. एक जण तर स्पष्टच म्हणाली, "नको बाई ते पैसे, मग रोज डायरी लिहायला लावतील." बरोबर ओळखलंय तिने. लिहायला लावायलाच पाहिजे.

पण मग खाचाखोचा आहेत, त्या मलाही दिसतात. मुलामागे पैसे ठेवले तर उद्या आमचीच प्रशासनं कोंबड्यांसारखी मुलं मोजतील, एका खाटेभोवती आठ-आठ उभी करतील. सहीमागे ठेवले तर संपलंच, परवाच्या पोरीचा प्रश्नच सरकारी जीआर होऊन येईल. आणि ज्या सिस्टरला शिकवता येत नाही, येत नाही म्हणजे खरंच येत नाही, चिडते, पोरांना घालूनपाडून बोलते, तिलाही सिनियॉरिटीने मिळणार, हे तर लिहून ठेवा. मला विचाराल तर प्रत्येक पाळीत एक सिस्टर शिकवणीची म्हणून ड्युटी लिस्टवर नावासकट असावी, त्या दिवशी तिच्याकडे पेशंट कमी असावेत, आणि त्या पाळीचा तिला भत्ता असावा, मुलं चार असोत की सात. पेशंट कमी हा भाग गाळला तर भत्त्याला अर्थ नाही, कारण मग मी पैसे घेऊन तीच दोन मिनिटं देईन. आणि त्यासाठी आधी रिकाम्या जागा भराव्या लागतील. इथे येऊन सगळी गाडी अडते, ते मला माहितीये. बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला एक्झामिनर येतात त्यांना मानधन मिळतं, प्रवासभत्ता मिळतो, आणि मिळायलाच हवा. एका दिवसात मुलगी किती शिकली ते बघायला पैसे निघतात. वर्षभर शिकवायला निघत नाहीत. ह्याच्यात कोणाचं डोकं चालत नाही असं नाही, कोणाचं अडत नाही एवढंच. मुली पळतायत तोवर वॉर्ड चालतोय.

ह्या सगळ्या हिशोबात एक माणूस राहिलाय, ज्याला कोणीच काही देत नाही आणि कोणी काही विचारतही नाही. तो म्हणजे खाटेवरचा.

आम्ही इंजेक्शन शिकलो ते संत्र्यावर. हॉस्टेलला एकेक संत्रं मिळायचं, सालीतून सुई जाताना जो पहिला अडथळा आणि मग एकदम सैल, तसंच कातडीचं असतं म्हणायच्या मॅडम. टोचून झालं की आम्ही तेच संत्रं खायचो. सुश्रुताच्या ग्रंथातसुद्धा शिष्यांना आधी भोपळा, कलिंगड, काकडी चिरायला लावायचं, पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर हात बसवायचा असं सांगितलंय, म्हणजे ही युक्ती जुनीच. पण संत्र्यानंतर कधीतरी माणूस येतोच. आणि तो माणूस नेहमी जनरल वॉर्डातला असतो. प्रायव्हेट रूमच्या पेशंटला कोणी थर्ड इयरची मुलगी सुई लावताना मी बघितलेली नाही. ज्याच्याकडे नाही म्हणायची सोय नाही त्याच्या हातावर आमच्या सगळ्यांचे हात बसलेत, माझेसुद्धा.

तर ते आजोबा, ज्यांची वेन सरकत होती. खरे आहेत ते, ह्याच महिन्यातले, हर्नियाचं ऑपरेशन, गावाकडे ऊसतोडीला जायचे आयुष्यभर, दंड म्हणजे दोरखंड. आणि त्यांच्यासमोर उभी होती ती परवाची मुलगी. मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं होतं. माफी वगैरे मला मागता येत नाही, माझी ती मोठी खोड आहे, मी फक्त म्हटलं, पुस्तक आण. बघितलं. जिथे तिने खरंच केलं होतं, माझ्या किंवा माझ्या स्टाफच्या समोर, तिथे सह्या केल्या. आयव्ही कॅन्युलेशनच्या, म्हणजे इंट्राकॅथ टाकण्याच्या, दहा ओळी होत्या, त्यातल्या चारवर केल्या. बाकी सहा मोकळ्या ठेवल्या. तिचा चेहरा पडला, पोस्टिंगचे नऊ दिवस राहिले होते.

मग आजोबांकडे गेलो. मी त्यांना विचारलं, कधी नव्हे ते नीट विचारलं, की आजोबा, ही शिकणारी मुलगी आहे, मी शेजारी उभी राहते, हिने लावलं तर चालेल का, नको असेल तर मी लावते. माझ्या स्टाफने मान वर करून बघितलं, बाईंना काय झालं आज. आजोबा म्हणाले, "लाव की. माझा हात काय पळून जातोय व्हय." आणि हात पुढे केला, आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

पहिल्यांदा चुकलं. टेंगूळ आलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी सुई मागितली नाही, अजून एकदा बाकी होतं. दुसऱ्या हाताला ग्लोव्ह बांधला, ह्यावेळी तिने स्वतःच खालून कातडी ताणली, निळं, बावीस नंबरचं इंट्राकॅथ, चेंबरमध्ये रक्ताचा थेंब चढला आणि ती थांबली. तिथेच थांबली, श्वाससुद्धा रोखून. मग सुई जराशी मागे. प्लॅस्टिक पुढे. सलाईन टपकायला लागलं. आजोबांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "झालं का?"

चिकटपट्टीवर तिने तारीख घातली, वेळ घातली. सव्वाअकरा. वॉर्ड तोपर्यंत बराच तुंबला होता, फोन वाजून वाजून थांबला होता, राऊंडचे सर येऊन पुढच्या वॉर्डला गेले होते. मी पाचव्या ओळीवर सही केली. पुस्तक बंद करून ती लगेच टेबलाकडे वळली, तिथे सकाळचे बल्ब रॅकमध्ये लावून ठेवले होते, सवयीने तिने रॅक उचलला. "मॅम, हे लॅबला देऊन येऊ?"

"नको. मामा नेतील. १४ नंबरचं ड्रेसिंग आहे आता, थांब."

वॉर्डबॉय मामा चहाला गेले होते. म्हणून मग स्टाफला म्हटलं हिला ड्रेसिंगला उभी कर, आणि रॅक घेऊन मीच जिना उतरले.